भिरभिऱ्याचा मान

आमच्या गेममधलं सगळं वेळेवर झालं. रस्ता झाला, ट्रॅक्टर झाला, मागच्या दोन ट्रॉल्या झाल्या, ट्रॉल्यांतून ऊस ओढणारी पोरंसुद्धा झाली. सगळ्यात जास्त भांडणं झाली ती गेम सुरू होण्याआधीच्या अर्ध्या मिनिटावरून. माझा संताप व्हायचा तोही त्या अर्ध्या मिनिटावरूनच, आणि माझा संताप हा काही घरात नवा विषय नव्हता.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. आप्पांची, म्हणजे आमच्या वडिलांची, शेती देवळाली प्रवऱ्याला. मी आणि माझा धाकटा भाऊ नितीन शिकायला म्हणून नगरला आलो ते सावेडीत पुष्पावती आत्याच्या बंगल्यात राहिलो. शिक्षण संपलं तरी आम्ही तिथेच होतो. मी एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे. नितीन काय करतो असं कुणी विचारलं की आत्या म्हणायची, तो वर असतो. वरच्या खोलीत तो गेम बनवत होता.

गेमचं नाव होतं ‘ऊसगाडी’. भरलेल्या ट्रॉल्या शेतातून निघतात, त्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यापर्यंत न्यायच्या. वाटेत खड्डे, म्हशी, आणि मागून ऊस ओढणारी पोरं. काट्यावर जेवढा ऊस शिल्लक, तेवढे गुण. प्रोग्रॅम सगळा नितीनचा आणि चित्रं सगळी माझी. नितीनला चित्र काढायला सांगितलं तर म्हैस आणि ट्रॅक्टर यांत फरक राहायचा नाही.

दोघांच्या या उद्योगाला आम्ही ‘भिरभिरं’ असं नाव दिलं होतं. आप्पांनी एकदा बियाणे कंपनीच्या जुन्या कॅलेंडरचं एक भिरभिरं करून गच्चीच्या कठड्याला टाचणीने टोचलं होतं, त्यावरून. परदेशी गेम लावला की आधी तो बनवणाऱ्यांची हलती निशाणी येते. कुणाचा गोळा फिरतो, कुणाची अक्षरं वितळतात. आमचं भिरभिरं तसं यायचं होतं. काळ्या पडद्यावर एका कोपऱ्यातून ते डुलत येणार, वारा लागणार, चारही रंग एकमेकांत मिसळणार, मग वेग कमी होणार आणि खाली नाव उमटणार.

ते मी गच्चीवर बसून शिकले. भिरभिरं फिरतं कसं हे कुणीही काढेल, पण थांबतं कसं हे बघावं लागतं. थांबताना ते एकदम थांबत नाही, जरासं मागे येतं आणि मग गप्प होतं. ते मागे येणं मला कित्येक दिवस जमत नव्हतं. एकेक चित्र माउसने ठिपक्या-ठिपक्याने काढायचं आणि ओळीने लावून बघायचं. आत्याचा मसाल्यांचा धंदा खालच्या मजल्यावर, त्यामुळे माउसच्या गोळ्याला मिरचीची पूड चिकटायची. मी शिंकत गोळा पुसायचे आणि पुन्हा बसायचे. ज्या दिवशी ते मागे येणं जमलं त्या दिवशी मी नितीनला जिलबी आणायला पाठवलं. मला स्वतःचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

आता बन्सीमामांकडे येते, कारण घोळ तिथून सुरू झाला.

कॉम्प्युटर मामांचा होता. राहुरीजवळ त्यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. शेजारच्या दुकानदाराने घेतला म्हणून मामांनीही कॉम्प्युटर घेतला, त्याला हार घातला, वर आईने विणलेला रुमाल टाकला आणि पुन्हा कधी चालू केला नाही. तो आम्ही मागून आणला होता. एका रविवारी मामा आपला कॉम्प्युटर बरा आहे ना हे बघायला सावेडीत आले, तेव्हा नितीनने त्यांना एक परदेशी गेम लावून दाखवला. गेमआधी एकामागून एक तीन निशाण्या आल्या. मामांनी विचारलं, ही कोण मंडळी? नितीनचं अर्धं लक्ष नेहमीप्रमाणे भलतीकडे होतं. तो म्हणाला की ज्यांची ज्यांची मदत झाली ती आधी येतात, कुणी यंत्रणा दिली, कुणी संगीत दिलं, त्यांचं आधी दाखवायचं आणि मग गेम.

मामांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“म्हंजे आदी सत्कार, मग कार्यक्रम,” ते म्हणाले. “मग आपल्याकडं न्हाई का तसंच अस्तं.”

मामांना कॉम्प्युटरमधलं पहिल्यांदाच काहीतरी कळलं होतं आणि ते अगदीच चूक होतं असंही म्हणता येईना. आमच्याकडे गणेशोत्सव असो की पतसंस्थेचं उद्घाटन, आधी शाल-श्रीफळ, टोपी-उपरणं, पाहुण्यांची नावं. एखाद्याचं नाव राहिलं तर तो माणूस पुढची पाच वर्षं त्या दारात पाय ठेवत नाही. चहा पिता पिता मामांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की तुमच्या गेमात सत्कार कुणाचा? कॉम्प्युटर कुणाचा हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्याची गरजच नव्हती.

म्हणून मी मामांची निशाणी केली. ट्रॅक्टरचं मोठं चाक घरंगळत येतं, थांबतं, मधोमध ‘बन्सी ट्रॅक्टर स्पेअर्स’. मामांना त्यात स्वतःचा फोटोही हवा होता. सोळा रंगांत तुमचा चेहरा हिरवा येईल असं मी सांगितल्यावर त्यांनी तो हट्ट सोडला.

ही बातमी खाली आत्याला कळायला किती वेळ लागणार? खोली कुणाची, हे आत्याने बोलून दाखवलं. नुसतं दाखवलं नाही, दोन दिवस आमटीला फोडणी दिली नाही. मग आत्याची निशाणी आली. लाल मिरच्या वरून उखळात पडतात, लाल धूर होतो आणि ‘पुष्पावती मसाले’. मग गोरक्ष आला. तो शेजारचा मंडपवाला. लाइट गेली की तो आपल्या जनरेटरची वायर गच्चीवरून आमच्या खिडकीत सोडायचा, म्हणून तर आमचं काम चालायचं. त्याने काही मागितलं नाही. नुसता जिन्यात उभा राहून म्हणाला की सगळ्यांचं झालं म्हणे, छान झालं. त्यालाही मी लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ करून दिली.

मग पहिला मान कुणाचा? लग्नात मामा आणि आत्या यांच्यात जे होतं ते सगळं आमच्या वरच्या खोलीत सुरू झालं. शेवटी नितीनने तोडगा काढला. पहिला कोण ते मशीनच ठरवेल, दरवेळी नव्याने. तेव्हापासून दोघंही पडद्यासमोर छापा-काटा बघितल्यासारखी उभी राहायची. लागोपाठ दोनदा मिरच्या आल्या तेव्हा मामांनी नितीनला बाहेर नेऊन विचारलं की आत्याने तुला काही दिलं का.

हे सगळं मी हसत सहन केलं असतं. पण त्याच सुमारास करण साळवेचा फोन आला. करण पुण्यात एका कंपनीत होता. ती कंपनी नव्या कॉम्प्युटरबरोबर आपल्याकडच्या पोरांनी केलेले गेम फ्लॉपीवर घालून द्यायची. आमचं पत्र त्याला पोचलं होतं. तो येत्या रविवारी नगरला येणार होता, येऊन बघतो म्हणाला. अट एकच, सगळा गेम एका फ्लॉपीत मावला पाहिजे.

आणि तो मावेना. चाक, मिरच्या, दिव्यांची माळ, भिरभिरं आणि ऊसगाडी. नितीनने सगळं दाबून-चेपून पाहिलं. काहीतरी एक काढावं लागणार होतं. मामांचं काढता येत नव्हतं, कॉम्प्युटर त्यांचा. आत्याचं काढलं तर खोली जाईल. गोरक्षचं काढलं तर अंधार होईल. नितीन माझ्याकडे बघत नव्हता, तेव्हाच मला कळलं.

मी चिडले. चांगलीच चिडले. मी म्हटलं की ज्यांनी गेम केला त्यांचंच नाव गेमवर नाही, ही कुठली रीत? आई गावाहून भाजी घेऊन आली होती, ती कोथिंबीर निवडत ऐकत होती. तिने वर न बघताच सांगितलं की घरच्यांचा कधी सत्कार असतो का, घरचे शेवटच्या पंगतीला बसतात. हे मी तिच्या तोंडून इतक्या लग्नांत ऐकलं होतं आणि इतक्या लग्नांत तसं गुपचूप वागले होते की मी तशीच जिना उतरायला लागले. शेवटच्या पंगतीला बहुतेक वेळा भात आणि वरण तेवढं उरलेलं असतं, हे मला नंतर जिन्यात सुचलं.

भिरभिरं फ्लॉपीतून निघालं. कॉम्प्युटरच्या डिस्कवर ते वेगळं पडून राहिलं. मी दोन दिवस नितीनशी बोलले नाही. राग होताच, पण त्याहून जास्त मला वाईट वाटलं होतं. ते मागे येणं कुणी बघणारच नव्हतं.

रविवारी सकाळी वरची खोली ओळखू येत नव्हती. गोरक्षने मंडपातल्या लाल खुर्च्या आणून मांडल्या होत्या. मामा कडक इस्त्रीची टोपी घालून, आत्या नारायणपेठ नेसून, दोघंही पहिल्या रांगेत आणि मधे एक खुर्ची रिकामी सोडून. आप्पा दाराशी, बोलावल्याशिवाय पुढे न येणारे. माझ्या मनात एकच होतं, हे लवकर उरकू दे.

करण आला. माझ्याच वयाचा, हातात हेल्मेट, पोह्यांना नाही न म्हणणारा. थेट कॉम्प्युटरसमोर बसला. नितीनने फ्लॉपी घातली, ड्राइव्ह कुरकुरला. पडद्यावर मामांचं चाक आलं. मामांनी आत्याकडे एक नजर टाकून घेतली. चाक अजून अर्ध्यावर पोचलंही नव्हतं आणि करणने कीबोर्डच्या कोपऱ्यातलं बटण दाबलं.

चाक गेलं. मिरच्या पडायला लागल्या. त्याने पुन्हा दाबलं. मिरच्या गेल्या. दिव्यांच्या माळेचे दोन दिवे लागले न लागले तोच त्याने तिसऱ्यांदा दाबलं, आणि पडद्यावर शेतात उभा असलेला ट्रॅक्टर आला.

त्याची काही चूक नव्हती. दिवसभर गेम बघणारा माणूस सुरुवातीच्या निशाण्या अशाच उडवतो, बोटाला सवयच असते. निशाणी बटणाने उडते हे परदेशी गेममध्ये बघून नितीननेही तसंच ठेवलं होतं. पण आमच्या घरच्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. तीन पाहुणे व्यासपीठावर हारासाठी मान पुढे करून उभे, आणि कुणीतरी येऊन माइकच बंद केला. मला आधी हसू फुटलं, मग मामांचं तोंड बघून मी ते आवरलं.

मामा उठले. टोपी नीट केली. चपला शोधत म्हणाले, “नितीन, कॉम्प्युटर उद्या दुकानात आनून टाक.”

आत्याही उठली, तीही मामांच्याच बाजूने. हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. नितीन पांढरा पडला. करण वळून सगळ्यांकडे बघत होता, त्याला वाटलं कॉम्प्युटर बिघडला. मला राहवलं नाही.

“तुम्ही आत्ता तिघांचा सत्कार उडवलात,” मी सांगितलं. “हे चाक म्हणजे आमचे मामा, मिरच्या म्हणजे ही आत्या, आणि दिव्यांची माळ तुमच्या मागे उभी आहे.”

करणने मागे पाहिलं. गोरक्ष हाताची घडी घालून उभा होता. मग करणच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटत गेलं ते मी अजून विसरलेले नाही. पुण्याची सगळी इस्त्री एकदम उतरली. तो खुर्चीतून उठला आणि मामांच्या आणि चपलांच्या मधे जाऊन उभा राहिला.

“चुकलं मामा,” तो म्हणाला. “आमी बी इकडचंच, देवळालीचं. भीमा फिटरचा मुलगा मी. बसा, परत लावू.”

“साळवे फिटर?” मामा थबकले. “कारखान्यातलं?”

“व्हय.”

मामांनी थोडा विचार केला आणि चपला पुन्हा भिंतीशी सरकवल्या. साळवे फिटरांनी त्यांच्याकडून कितीतरी बेअरिंगं नेली होती आणि एकदाही घासाघीस केली नव्हती, असं ते बसताना आईला सांगत होते.

नितीनने गेम पहिल्यापासून लावला. करण बटणापासून लांब, हात मांडीवर ठेवून बसला. नशिबाने पुन्हा चाकच आधी आलं. ते पूर्ण घरंगळलं, थांबलं, नाव आलं, आणि करणने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. आत्यानेही वाजवल्या, जरा बेतानेच. मिरच्यांना टाळ्या झाल्या. दिव्यांच्या माळेला गोरक्षने स्वतःच शिट्टी मारली. आई पदराने डोळे टिपत होती. मला वाटतं तिला हसू आवरत नव्हतं.

ट्रॅक्टर पडद्यावर आला. करणने तरी बटणाला हात लावला नाही. त्याने विचारलं, “पाहुणे झाले. यजमान कोण?”

नितीनने माझ्याकडे बघून मान हलवली. मी पुढे होऊन डिस्कवरचं भिरभिरं लावलं.

काळा पडदा. एका कोपऱ्यातून ते डुलत आलं. वारा लागला, चार रंगांचा एक रंग झाला. मग वेग उतरत गेला, पाती वेगळी दिसायला लागली, आणि थांबताना ते जरासं मागे आलं आणि गप्प झालं. खाली नाव आलं.

“मागं आलं,” दाराशी उभे असलेले आप्पा म्हणाले. “खरं पन असंच मागं येतं.”

ते एवढंच बोलले. पण ते दारातून आत आले होते, माझ्या खुर्चीच्या मागे.

करणने सरळ सांगितलं की फ्लॉपीवर जागा कितीही असली तरी कंपनी एकच निशाणी ठेवते. कुठली ते तुम्ही ठरवा, म्हणाला, मी परत चूक करणार नाही. झालं, मला वाटलं, आता संध्याकाळपर्यंत मानपान. मी आत्याकडे पाहिलं, आत्याने मामांकडे पाहिलं. मामा टोपी काढून मांडीवर ठेवत होते.

“माझा झाला की सत्कार,” मामा म्हणाले. “चार मान्सांत झाला, टाळ्या झाल्या. रोज रोज नारळ देत्यात व्हय कुनाला? पाव्हनी उठली. आता घरच्यांची पंगत बसू द्या.”

एवढे दिवस आम्ही फ्लॉपी दाबत-चेपत बसलो होतो आणि हवं होतं ते एवढंच. सगळ्यांना एकदा समोर बसवून, मधे न उठता, पुरतं दाखवायचं. सत्कार एकदाच असतो हे आम्हाला जन्मापासून माहीत होतं, पण कॉम्प्युटरमध्ये गेल्यावर तो रोजचा होईल असं आम्ही धरूनच चाललो होतो. मला रडू आलं. खाली आत्याच्या मिरच्या दळल्या जातायत, त्याने होतं असं मी सांगितलं. त्या दिवशी रविवार होता आणि दळण बंद होतं, पण कुणी काही म्हटलं नाही.

त्यानंतर गेमही झाला, तो सांगायचा राहिलाच. करणच्या ट्रॉल्या काट्यावर पोचेपर्यंत रिकाम्या झाल्या. मामांनी त्याला उठवून स्वतः बसकण मारली आणि पहिल्याच म्हशीला धडकले. जाताना करणने फ्लॉपी नेली, आत चाक नाही, मिरच्या नाहीत, माळ नाही. सोबत आत्याने काळ्या मसाल्याचं पाकीट बांधून दिलं.

दिवाळीच्या आधी पुण्याहून फ्लॉपी छापून आली. ‘ऊसगाडी’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘भिरभिरं, सावेडी, अहमदनगर’. आप्पांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली, वास घेतला आणि देवापुढे ठेवली. तिथून ती काढून कॉम्प्युटरमध्ये घालायला दुपार झाली.

कॉम्प्युटर दुकानात काही गेला नाही. उलट मामाच दर रविवारी सावेडीत यायला लागले. जेवायच्या आधी एक खेळ, जेवणानंतर एक. पुढच्याच रविवारी गोरक्ष त्यांच्याबरोबर खेळायला बसला. फ्लॉपी कुरकुरली, काळा पडदा आला, कोपऱ्यातून भिरभिरं निघालं. गोरक्षने करणकडून ते एकच शिकून घेतलं होतं, त्याचं बोट कोपऱ्यातल्या बटणाकडे गेलं.

मामांनी वरच्यावर त्याचं मनगट धरलं.

“थांब,” ते म्हणाले. “घरच्यांचं चाललंय.”

आणि मनगट तसंच धरून, भिरभिरं मागे येऊन गप्प होईपर्यंत, दोघंही पडद्याकडे बघत बसून राहिले.